टोचलेल्या सुईचा इतिहास

दवाखान्यात इंजेक्शन घेताना आपले सगळे लक्ष आपल्या दंडाकडे असते. सुई आत जाते, बाहेर येते, कापसाचा बोळा दाबला जातो आणि आपल्यापुरते प्रकरण संपते. सुईचा प्रवास मात्र तेथे संपत नाही. आपले रक्त लागलेली ती सुई अजून परिचारिकेच्या हातात असते. ती कोठेतरी ठेवायची असते, कशात तरी टाकायची असते, कोणीतरी उचलून न्यायची आणि नष्ट करायची असते. या पुढच्या प्रवासात ती परिचारिकेच्या, डॉक्टरच्या, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या किंवा सफाई कामगाराच्या बोटात घुसू शकते. जखम दिसते न दिसते एवढी, रक्त येते थेंबभर. पण तेवढ्यातून ब आणि क प्रकारच्या काविळीचे विषाणू आणि एच.आय.व्ही. एका शरीरातून दुसऱ्या शरीरात गेलेले आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी तज्ज्ञांनी केलेल्या एका अंदाजानुसार २००० साली जगात सुमारे साडेतीन कोटी आरोग्यसेवक होते. दूषित सुई किंवा तसेच धारदार साधन लागल्याने त्यांपैकी सुमारे ३० लाख जणांचा वर्षभरात अशा विषाणूंशी संबंध आला असावा. त्यातून ब प्रकारच्या काविळीची सुमारे ६६ हजार, क प्रकारच्या काविळीची १६ हजार आणि एच.आय.व्ही.ची १ हजार माणसांना लागण झाली असावी, असे हा हिशेब सांगतो. यांतील बहुसंख्य माणसे आपल्यासारख्या विकसनशील देशांतील होती.

सुई टोचली की पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "लक्ष कोठे होते तुझे?" म्हणजे दोष बोटाचा. या लेखात आपण या प्रश्नाचाच इतिहास पाहणार आहोत. टोचण्याचा दोष बोटाकडून सुईकडे सरकायला फार काळ जावा लागला. तो सरकला तेव्हा जखमाही कमी होऊ लागल्या.

व्हिएन्नातील एक जखम

पोकळ सुई अजून वापरात यायची होती, त्या काळापासून सुरुवात करू. १८४७ सालच्या मार्च महिन्यात व्हिएन्नामध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का एका शवाचे विच्छेदन करीत होते. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या हातातील चाकू त्यांच्या बोटाला लागला. काही दिवसांतच त्यांना तीव्र ताप आला आणि १३ मार्च रोजी ते मरण पावले.

त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस हे तेथील मोठ्या रुग्णालयात, प्रसूतिविभागात काम करीत होते. या विभागाचे दोन भाग होते. पहिल्या भागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्या भागात सुइणी शिकत. १८४६ साली पहिल्या भागात ४०१० बाळंतिणींपैकी ४५९ जणी दगावल्या, म्हणजे शंभरात अकराहून अधिक. दुसऱ्या भागात ३७५४ पैकी १०५, म्हणजे शंभरात तीनहून कमी. इमारत एकच, शहर एकच, हवा एकच. मग हा फरक का? सेमेलवाइस या कोड्याने बेचैन झाले होते.

मित्राच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना त्यांच्या लक्षात आले, की कोलेच्कांच्या शरीरात सापडलेले बिघाड बाळंतज्वराने मेलेल्या स्त्रियांच्या शरीरातील बिघाडांसारखेच आहेत. कोलेच्का तर पुरुष, बाळंतपणाचा प्रश्नच नव्हता. त्यांना चाकूच्या टोकाने जे दिले, तेच पहिल्या भागातील स्त्रियांना कोण देत होते? सकाळी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. सेमेलवाइसनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या भागातील मृत्यूंचे प्रमाण शंभरात दीडहून खाली आले, दुसऱ्या भागाइतकेच.

ही कथा आपण हात धुण्याची कथा म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण तिच्या मुळाशी काम करणाऱ्याच्या बोटाची जखम आहे, ही गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. कोलेच्कांच्या बोटाने दोन गोष्टी दाखवून दिल्या होत्या. डॉक्टरच्या हातून रोग्याकडे रोग जातो, ही एक. आणि मृताच्या शरीरातून डॉक्टरकडे रोग येतो, ही दुसरी. पहिली गोष्ट वैद्यकाने हळूहळू, बऱ्याच विरोधानंतर का होईना, स्वीकारली. दुसरी गोष्ट मात्र पेशाचा भोग म्हणून बाजूला राहिली. शवविच्छेदनात बोट कापणारच, त्यातून एखादा डॉक्टर दगावणारच, असेच धरून चालले होते.

पोकळ सुई आणि रबरी हातमोजे

१८४४ साली डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनी पोकळ सुईतून कातडीखाली औषध सोडले. १८५३ च्या सुमारास एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधील लिआँचे शार्ल प्रवाझ यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, पोकळ सुईला दट्ट्याची नळी जोडली. आज आपण जिला सिरिंज म्हणतो, तिचा हा आरंभ.

जखमेच्या दृष्टीने भरीव आणि पोकळ सुईत मोठा फरक आहे. टाके घालण्याची सुई भरीव असते. तिच्यावर लागलेले रक्त बाहेरच्या बाजूला असते आणि ते पुष्कळसे पुसले जाते. पोकळ सुईच्या पोटात मात्र रक्त साठून राहते. बोटात शिरताना ते सुरक्षितपणे आत पोचते. विद्यार्थ्यांना हा हिशेब करायला द्यावा : ब प्रकारच्या काविळीच्या काही रुग्णांच्या एका मिलिलिटर रक्तात दहा कोटी किंवा त्याहूनही अधिक विषाणू असतात. सुईतून त्याचा हजारावा भाग, म्हणजे एक मायक्रोलिटर रक्त बोटात गेले, तर किती विषाणू गेले? उत्तर एक लाख येते. डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा कणभर रक्तात एक लाख विषाणू!

१८८६ साली पॅरिसमध्ये एक घटना घडली. अलेक्झांड्र येरसँ हा तरुण वैद्यकीय विद्यार्थी पिसाळरोगाने मेलेल्या माणसाचे विच्छेदन करीत असताना त्याचा हात कापला. तो तडक पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत गेला. तेथे एमिल रू यांनी त्याला नव्यानेच तयार झालेली पिसाळरोगाची लस टोचली आणि तो वाचला. जखम झाल्यानंतर, पण रोग होण्याआधी उपचार करता येतो, हे आरोग्यसेवकाच्या बाबतीत दाखवणारे हे एक आरंभीचे उदाहरण. पुढे येरसँ त्याच प्रयोगशाळेत काम करू लागला आणि १८९४ साली हाँगकाँगमध्ये त्याने प्लेगचा जंतू शोधला. १८९६ पासून मुंबईत ज्या प्लेगने हाहाकार उडवला, तो हाच. १८९७ साली येरसँ आपले रक्तद्रव घेऊन मुंबईलाही आला होता.

काम करणाऱ्याच्या हाताचा विचार याच सुमारास अमेरिकेत एका वेगळ्याच कारणाने झाला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन ही परिचारिका शस्त्रक्रियागृहात काम करीत असे. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने तिच्या हातांची कातडी सोलवटून निघाली. १८८९-९० च्या हिवाळ्यात शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. रुग्णाला जंतूंपासून वाचवण्याचा उपयोग नंतर लक्षात आला. हे मोजे मुळात तिच्या हातांसाठी होते. पातळ रबर सुईला अडवू शकत नाही, हे खरे. मात्र मोज्यातून आरपार जाताना सुईच्या बाहेरचे काही रक्त पुसले जाते. तेवढे संरक्षण मिळते, पण तेवढेच.

काविळीचा माग

सुईतून कावीळ पसरते, हे कळायलाही बराच काळ लागला. १८८३ साली जर्मनीतील ब्रेमेन येथे जहाजबांधणीच्या गोदीतील १२८९ कामगारांना माणसापासून घेतलेल्या लशीने देवी टोचल्या गेल्या. पुढच्या काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना ही लस टोचली नव्हती ते सहकारी निरोगी राहिले. १९४२ साली अमेरिकी सैन्यात पीतज्वराची लस टोचलेल्या सुमारे ५० हजार सैनिकांना कावीळ झाली. त्या लशीत माणसाच्या रक्ताचा द्रव मिसळलेला होता आणि दोष त्या द्रवात होता. १९४९ साली अमेरिकेत एका रक्तपेढीतील कर्मचाऱ्याला झालेल्या काविळीची नोंद प्रसिद्ध झाली. रक्त हाताळण्याचे काम हेच काविळीचे कारण असू शकते, हे वैद्यकीय नियतकालिकात तेव्हा मांडले गेले.

खरा दुवा सापडला तो १९६० नंतरच्या दशकात. बारुक ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अपरिचित प्रथिन आढळले होते. त्याचा अर्थ लागत नव्हता. १९६७ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत या प्रथिनावर काम करणारी एक तंत्रज्ञ आजारी पडली. तिने स्वतःचे रक्त तपासले. आधी तिच्या रक्तात हे प्रथिन कधी आढळले नव्हते. आता ते होते. तिला कावीळ झाली होती. हे प्रथिन म्हणजे काविळीच्या विषाणूचे आवरण, हे निश्चित करण्यात या घटनेचा मोठा वाटा होता. ती पुढे बरी झाली. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कोलेच्का आणि ही तंत्रज्ञ यांच्यात १२० वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळा विज्ञानाला हवे असलेले उत्तर काम करणाऱ्याच्या शरीराने पुरवले. पण १९६७ नंतरचा भाग वेगळा आहे. या वेळी काम करणाऱ्याला वाचवण्याचे साधनही तयार झाले. १९८१ साली अमेरिकेत ब प्रकारच्या काविळीवरील लशीला मान्यता मिळाली आणि १९८६ साली जनुकीय तंत्राने यीस्टमध्ये बनवलेली लस आली. १९९१ साली तेथे नियम झाला, की रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला मालकाने ही लस विनामूल्य देऊ केली पाहिजे. १९८३ साली अमेरिकेत सुमारे १७ हजार आरोग्यसेवकांना ही लागण झाली होती. १९९५ साली हा आकडा सुमारे ४०० वर आला.

"लक्ष ठेवा" हा उपाय

ब प्रकारच्या काविळीवर लस आली खरी, पण तोवर दुसरे संकट उभे होते. डिसेंबर १९८४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात एका परिचारिकेला सुई टोचून एड्सच्या विषाणूची लागण झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. जगभर रुग्णालयांत भीती पसरली. भीतीच्या भरात काही ठिकाणी रुग्णांना दूर लोटले गेले. खरे पाहता टोचणाऱ्या सुईतून एच.आय.व्ही. लागण्याची शक्यता हजारात सुमारे तीन एवढी आहे. ब प्रकारच्या काविळीची, लस न घेतलेल्या माणसाच्या बाबतीत, शंभरात ६ ते ३०. तरी ज्या धोक्याकडे काविळीच्या वेळी काणाडोळा झाला, त्याकडे एड्समुळे सर्वांचे लक्ष गेले.

१९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 'सार्वत्रिक दक्षता' या तत्त्वावर सूचना काढल्या. कोणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून प्रत्येकाचे रक्त दूषित समजूनच हाताळायचे, हे ते तत्त्व. ते फार मोलाचे आहे. रुग्णारुग्णांत भेद करण्याची गरजच त्याने काढून टाकली. त्यातील एक सूचना होती : वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका.

भिंतींवर तक्ते लागले, व्याख्याने झाली. सुया टोचायच्या थांबल्या नाहीत. मग बोलणी बसू लागली. ज्याला सुई टोचली त्याने सूचना मोडली असणार, असे गृहीत धरले गेले. याचा परिणाम काय होणार, हे शिक्षकांना सांगायला नको. चुकले की ओरडा बसतो, हे कळले की मुले चूक लपवतात. अशा जखमांपैकी पुष्कळशा कोठे नोंदवल्याच जात नाहीत, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. जखम लपली की उपचाराची वेळ टळते, आणि कारण शोधण्यासाठी लागणारी माहितीही हरवते.

छेद बदलला, चित्र बदलले

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात जनीन जॅगर या संशोधिका मोटार अपघातांतील डोक्याच्या जखमांचा अभ्यास करीत असत. या क्षेत्रात एक मोठा बदल आधीच घडून गेला होता. पूर्वी अपघात म्हणजे चालकाची चूक, असे मानत. पुढे संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला : चालक चुकणारच असे धरले, तर मोटार कशी असावी? त्यातून आसनपट्टे, मऊ दर्शनी फळी आणि दुमडणारा सुकाणूदांडा आला. जॅगर यांनी तोच प्रश्न सुईला विचारला.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठ रुग्णालयात दहा महिन्यांत घडलेल्या ३२६ जखमांची तपासणी केली. कोणाला टोचले यापेक्षा कशाने टोचले आणि कोणत्या क्षणी टोचले, हे त्यांनी पाहिले. निष्कर्ष १९८८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले.

नुसती संख्या मोजली, तर सर्वांत जास्त जखमा, सुमारे ३५ टक्के, एकदाच वापरून टाकायच्या साध्या सिरिंजने झाल्या होत्या. म्हणजे तीच सर्वांत धोकादायक का? येथेच गणिताचा तास सुरू होतो. सिरिंज वापरल्याही जातात सर्वांत जास्त. म्हणून त्यांनी खरेदी केलेल्या दर एक लाख साधनांमागे किती जखमा, हा दर काढला. साध्या सिरिंजचा दर निघाला ६.९, सर्व साधनांत सर्वांत कमी. सलाइनच्या नळ्या जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सुयांचा दर निघाला ३६.७, म्हणजे पाचपटीहून अधिक. गंमत अशी, की या जागी सुईची मुळी गरजच नव्हती! नळीला नळी जोडायला टोकदार वस्तू कशाला हवी? ती केवळ प्रथेने तेथे होती.

दुसरी गोष्ट वेळेची. वापरण्याआधी किंवा वापरताना झालेल्या जखमा होत्या १७ टक्के. वापरून झाल्यावर, पण टाकण्याआधी झालेल्या ७० टक्के. टाकताना किंवा टाकल्यानंतर झालेल्या १३ टक्के. म्हणजे सर्वाधिक धोका होता तो काम संपल्यानंतरच्या त्या थोड्याशा काळात, जेव्हा सुई कोणाच्याच उपयोगाची नसते, पण उघडी असते.

तिसरी गोष्ट टोपणाची. सुमारे एक तृतीयांश जखमा टोपण परत बसवण्याशी निगडित होत्या. सूचना मोडली, हे खरेच. पण का मोडली, असे विचारल्यावर कर्मचाऱ्यांनी दिलेली कारणे विचार करण्यासारखी होती. काहींना एकाच वेळी अनेक वस्तू घेऊन जायच्या होत्या, काहींना उघडी सुई हातात धरून डबा असेल तेथपर्यंत चालत जायचे होते, काहींना साधनाचे भाग सुटे करायचे होते. उघडी सुई दुसऱ्याला लागू नये म्हणून ती झाकायची, तर झाकताना स्वतःला लागते. माणसे निष्काळजी नव्हती. दोन धोक्यांपैकी एक निवडण्याची वेळ त्यांच्यावर येत होती, आणि "टोपण लावू नका" ही सूचना दुसऱ्या धोक्याबद्दल गप्प होती.

यातून साधनांच्या रचनेची तत्त्वे निघाली. हात नेहमी सुईच्या टोकाच्या मागे राहिले पाहिजेत. संरक्षण साधनाचाच भाग असावे, वेगळे लावायची वस्तू नको. ते वापरानंतर लगेच, सुटे भाग काढण्याआधी लागू व्हावे आणि कचऱ्यात गेल्यावरही टिकावे. आणि ते सोपे असावे. आत ओढल्या जाणाऱ्या सुया, सरकत्या आवरणाच्या सिरिंज, बिनसुईचे सलाइनचे जोड ही या विचाराची फळे.

कायदा आणि उपचार

१९९२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सलाइनच्या नळ्यांसाठी साध्या सुया वापरू नयेत, असा इशारा दिला. ६ नोव्हेंबर २००० रोजी तेथे सुईजखमांविषयीचा कायदा झाला. सुरक्षित साधने देणे, जखमांची नोंदवही ठेवणे आणि साधने निवडताना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे मत घेणे त्याने मालकांवर बंधनकारक केले. ज्या रुग्णालयांची आकडेवारी तपासली गेली, त्यांत कायद्यानंतर पहिल्याच वर्षी जखमांचे प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांनी घटले. एका वर्षात माणसे तर बदलली नव्हती. २०१० साली युरोपीय संघानेही असाच निर्देश काढला.

दरम्यान येरसँच्या वाटेवरचा उपायही सापडला होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की सुई टोचल्यानंतर झिडोव्ह्युडिन हे औषध घेतलेल्यांत एच.आय.व्ही. लागण्याची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होती. आज अशा वेळी औषधांचा संच २८ दिवस देतात. तो शक्य तितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. क प्रकारच्या काविळीवर अजून लस नाही. पण तिच्यावर परिणामकारक गोळ्या आता उपलब्ध आहेत. हे सारे उपाय एका अटीवर चालतात : जखम लगेच सांगितली गेली पाहिजे.

आपल्याकडे

भारतात १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले आणि २०१६ साली ते नव्याने झाले. त्यांनुसार सुया, पाती यांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक आणि न भोसकला जाणारा डबा लागतो. कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ब प्रकारच्या काविळीची व धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यानेही सुरक्षित कामाची जागा आणि जखमेनंतरचा उपचार पुरवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे.

तरी दोन गोष्टी खटकतात. २०१६ च्या नियमांत 'मोठा अपघात' याची व्याख्या दिली आहे. कचऱ्याची गाडी उलटणे किंवा कचरा पाण्यात मिसळणे तिच्यात येते. सुई टोचणे मात्र त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. एकेक टोचणी लहान, हे कबूल. पण वर्षभराच्या टोचण्यांची बेरीज लहान नसते, हे आपण पाहिलेच.

दुसरी गोष्ट सिरिंजची. बालकांच्या लसीकरणात २००५ पासून आपल्याकडे एकदा वापरल्यावर दट्ट्या अडकून बसणाऱ्या सिरिंज आल्या. एकाच सुईने दोन मुलांना टोचण्याचा धोका त्यामुळे टळला, हे मोठेच काम झाले. पण दट्ट्या अडकला तरी सुई उघडीच राहते. मूल वाचले, टोचणारी परिचारिका आणि डबा उचलणारा कामगार होते तेथेच आहेत. व्हिएन्नातील दोन धड्यांपैकी पहिला आपण पुन्हा एकदा गिरवला, दुसरा बाकी आहे. कचऱ्याच्या ढिगातून वस्तू वेचणाऱ्या बायका आणि मुले तर कोणत्याच रुग्णालयाच्या हजेरीपटावर नसतात. त्यांना टोचलेली सुई कोणाच्या नोंदवहीत जाणार?

शाळेत काय करता येईल

विद्यार्थ्यांना तीन गोष्टी नक्की ठाऊक असाव्यात. रस्त्यात किंवा कचऱ्यात सुई दिसली, तर हात न लावता मोठ्या माणसाला सांगायचे. टोचलीच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, चोखायची किंवा पिळायची नाही. आणि लपवून न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे.

शिक्षकांसाठी आम्ही एक प्रयोग सुचवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षभर एक वही ठेवावी. काच फुटली, बोट कापले, चटका बसला, की त्यात नोंद करायची. विद्यार्थ्याचे नाव लिहायचे नाही. साधन कोणते, कोणत्या क्षणी, आणि त्या वेळी हातात आणखी काय होते, एवढेच लिहायचे. वर्षाअखेर एकूण संख्या आणि दर दोन्ही काढावेत. साधन किती वेळा वापरले त्याने भागायला विसरू नये. बहुधा काचेची नळी रबरी बुचात बसवण्याचा क्षण बराच वर येईल. मग त्या मुलाला वेंधळा म्हणायचे, की नळी पाण्याने ओली करून, फडक्यात गुंडाळून, बुचाजवळ धरून फिरवायची रीत सर्वांना शिकवायची आणि शक्य तेथे बुचात आधीच बसवलेल्या नळ्या ठेवायच्या, हे वर्गानेच ठरवावे.

त्या वहीवर नावांचा रकाना नाही, याची मुलांना खात्री पटली, तरच तिच्यात खऱ्या नोंदी येतील. रुग्णालयातील नोंदवहीचेही तसेच आहे.